टीव्हीवर पीसीचा गेम सारखा अडखळतोय? आधी दोन गचक्यांमधलं अंतर मोजा

आतल्या खोलीतल्या पीसीवर गेम चालू आहे, त्याचं चित्र घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर येतंय (यालाच स्ट्रीमिंग म्हणतात), आणि तुम्ही हॉलमध्ये टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसला आहात. चित्र सुरेख येतंय, बटण दाबलं की लगेच प्रतिसाद मिळतोय, आणि मधेच एक गचका. पुन्हा सगळं नीट. थोड्या वेळानं पुन्हा गचका. तुम्ही बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) कमी करता, राऊटर बंद करून चालू करता, रिझोल्यूशन उतरवता. एखादा दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही पोस्ट अशा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या गचक्याबद्दल आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी गचके किती वेळानं आणि कशा प्रसंगी येतात ते कागदावर लिहा. प्रत्येक बिघाडाची स्वतःची लय असते. ती कळली की दहापैकी आठ उपाय करूनच बघावे लागत नाहीत.

माझ्याकडे हे दुखणं महिनाभर होतं. पीसीवर सनशाइन हे गेमचं चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, टीव्हीला एचडीएमआयनं जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते चित्र दाखवणारं मूनलाइट. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे ६० स्थिर चित्रं), २० मेगाबिट. मी बिटरेट आधी १० वर आणला, मग ५ वर. गवत आणि पाऊस यांचा चिखल झाला, गचका होता तसाच राहिला. मग लांब केबल टाकून लॅपटॉप थेट राऊटरला जोडला. तरीही गचका. वायफायचा यात हात नाही, एवढं त्या दिवशी नक्की झालं.

मग एका संध्याकाळी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, गेममध्ये एका लांबलचक कुंपणासमोर उभा राहिलो आणि उजवी स्टिक किंचित दाबून कॅमेरा सावकाश फिरवत ठेवला. कुंपणाचे उभे खांब एका संथ चालीनं सरकत होते. मधेच एका क्षणी सगळी रांग बोटभर पुढे उडाली आणि परत पहिल्या चालीला लागली. वेळ लिहिली. १७ सेकंदांनी पुन्हा उडी. मग १६. मग १७. दहा वेळा लिहिलं, एकही आकडा १६-१७ च्या बाहेर गेला नाही.

नेटवर्कचा बिघाड इतका घड्याळ लावून येत नाही. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं, तर टीव्हीला ५९.९४ हर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला ५९.९४ वेळा चित्र जात होतं. पीसीकडून मात्र सेकंदाला ६० फ्रेम येत होत्या. म्हणजे दर सेकंदाला ०.०६ फ्रेम जास्तीची. १ ला ०.०६ नं भागलं की १६.७ येतात. दर १६.७ सेकंदांनी एक अख्खी फ्रेम शिल्लक पडत होती, ती दाखवायला जागा नव्हती, म्हणून मूनलाइट ती टाकून देत होतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ५९.९४ ऐवजी ६० हर्ट्झ निवडलं आणि कुंपण सरळ सरकायला लागलं.

सिनेमा नीट चालतो, मग गेम का अडखळतो

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्याच टीव्हीवर, त्याच वायफायवर फोर-के सिनेमा एकदाही थांबत नाही, मग वायफाय खराब कसं म्हणायचं? सिनेमाचं ॲप पुढची कित्येक सेकंदं आधीच उतरवून ठेवतं. मधे एक-दोन सेकंद वायफाय गप्प बसलं तरी साठ्यावर भागतं. गेममध्ये असा साठा करताच येत नाही. पुढची फ्रेम अजून घडलेलीच नसते, तुम्ही आता कोणतं बटण दाबाल त्यावर ती ठरणार असते.

६० फ्रेमच्या हिशेबानं दर १६.७ मिलिसेकंदांनी एक नवी फ्रेम निघते. पीसीनं ती पकडायची, ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडरनं ती दाबून लहान करायची, नेटवर्कनं पोचवायची, इकडच्या डीकोडरनं ती उलगडायची आणि टीव्हीनं दाखवायची. २० मेगाबिटला अशी एक फ्रेम सरासरी ४० किलोबाइटची होते, म्हणजे साधारण ३० पॅकेट (नेटवर्कवरून डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो ते). या साखळीतली एखादी कडी ५० मिलिसेकंद अडली की तीन फ्रेम हातच्या गेल्या. स्पीड टेस्टमध्ये ३०० मेगाबिट दिसतात त्याचा इथे उपयोग नाही, कारण एक तर तो इंटरनेटचा वेग आहे आणि आपला गेम घराबाहेर जातच नाही. दुसरं म्हणजे तो सरासरी आकडा आहे. सरासरी उत्तम असूनही मधे १०० मिलिसेकंदांचं भगदाड असू शकतं. आपल्याला शोधायची आहेत ती ही भगदाडं.

अर्ध्या तासाची तपासणी

सगळ्यात आधी कुणाला तरी पीसीच्या मॉनिटरसमोर बसवा आणि तुम्ही टीव्हीसमोर बसा. गचका आला की दोघांनी ‘आता’ म्हणायचं. पीसीवरही त्याच क्षणी अडखळलं, तर प्रश्न स्ट्रीमिंगचा नाहीच. गेमच अडखळतोय. नव्या भागात शिरताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात किंवा डिस्कवरून डेटा उचलला जात असतो. अशा गचक्यासाठी राऊटर बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून ही पायरी वगळू नका.

पीसीवर सगळं सुरळीत असेल तर चाचणीसाठी असं दृश्य निवडा जिथे कॅमेरा संथ आणि एकसारखा फिरवता येतो आणि समोर उभ्या रेषा आहेत. खांब, खिडक्या, झाडांचे बुंधे, काहीही. मारामारीच्या प्रसंगात एक फ्रेम गेली तर डोळ्याला कळत नाही, उभ्या रेषांच्या रांगेत लगेच कळतं. दहा मिनिटं द्या, प्रत्येक गचक्याची वेळ लिहा, आणि शेजारी एक-दोन शब्दांत तो कसा होता तेही लिहा: नुसती उडी, चित्र गोठलं, चौकोन पडले, आवाज तुटला.

त्यानंतर आकडे पडद्यावर आणा. लॅपटॉप किंवा दुसऱ्या पीसीवर मूनलाइट असेल तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबले की माहितीचा तक्ता दिसतो. अँड्रॉइडवर तो सेटिंगमधून चालू करावा लागतो. स्टीम या गेमच्या ॲपमधल्या रिमोट प्ले या स्ट्रीमिंगच्या सोयीमध्येही परफॉर्मन्सची माहिती दाखवायची सोय आहे. तक्त्यातल्या तीन गोष्टींवर नजर ठेवा: नेटवर्कमध्ये गळालेल्या फ्रेम, डीकोडिंगला लागणारा वेळ, आणि पीसीला फ्रेम तयार करून पाठवायला लागणारा वेळ.

लॅपटॉपवरच्या मूनलाइटमध्ये ‘नेटवर्क जिटरमुळे (पॅकेट पोचण्याच्या वेळेतल्या चढउतारामुळे) सोडलेल्या फ्रेम’ अशा अर्थाची आणखी एक ओळ असते. तिच्या नावावर जाऊ नका. स्क्रीनचा वेग आणि फ्रेमचा वेग जुळत नसेल तर टाकून दिलेल्या फ्रेमही याच ओळीत मोजल्या जातात. नेटवर्कची गळती शून्य आणि या ओळीत ०.१ टक्क्याच्या आसपास आकडा ठाण मांडून बसलेला असेल, तर ती ५९.९४ आणि ६० ची तफावत आहे. ६० मधून ०.०६ म्हणजे बरोबर ०.१ टक्का. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर हाच आकडा दिसत होता आणि जिटर हा शब्द वाचून मी वायफायच्या मागे लागलो होतो.

घड्याळासारखा, पण छोटा

नुसती एका फ्रेमची उडी, चित्र स्वच्छ, आवाज अखंड, आणि अंतर ठरलेलं: हे वेग न जुळण्याचं लक्षण. ५९.९४ हा आकडा जुन्या रंगीत टीव्हीच्या प्रसारणातून आलेला आहे आणि बरेच टीव्ही व टीव्हीला जोडायचे बॉक्स आजही तो देतात. टीव्हीला जोडलेल्या उपकरणाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० निवडा. काही बॉक्स चित्राला अनुसरून आपणहून हर्ट्झ बदलतात. ते बंद करून बघा. बॉक्स ५० हर्ट्झवर अडकलेला असेल तर सेकंदाला दहा फ्रेम टाकाव्या लागतात आणि चित्र सतत थरथरतं. ते वेगळं ओळखू येतं.

दुसऱ्या टोकाला पीसीचा मॉनिटरही पाहा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि स्ट्रीम ६० फ्रेमची असेल तर १४४ ला ६० नं नीट भाग जात नाही, २.४ येतात. मग एका फ्रेमला मॉनिटरचे दोन ठोके मिळतात, पुढच्या एखादीला तीन, आणि हालचाल कायम किंचित लंगडत राहते. स्ट्रीम करताना मॉनिटर १२० वर किंवा ६० वर आणा आणि गेमची फ्रेम मर्यादाही ६० ठेवा.

हे सगळं करूनही काही मिनिटांनी एखादी फ्रेम जाईलच. पीसीतलं आणि टीव्हीजवळच्या उपकरणातलं घड्याळ ही दोन वेगळी स्फटिकं आहेत, ती हुबेहूब एका वेगानं कधीच धडधडत नाहीत. पाच-सहा मिनिटांतून एकदा येणारी ही उडी मी सोडून दिली आहे. तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

घड्याळासारखा, आणि मोठा

चित्र पाव-अर्धा सेकंद गोठतं, चौकोन पडतात, आवाजही तुटतो, आणि हे ठरावीक अंतरानं होतं. आता वायफायकडे वळा. बहुतेक वेळा कारण असं असतं की तुमचा टॅबलेट, फोन किंवा लॅपटॉप मधून मधून आपलं चॅनेल (वायफायच्या लहरींचा नेमून दिलेला पट्टा) सोडून आजूबाजूला कोणती नेटवर्कं आहेत ते पाहून येतो. या फेरीला लागणारा वेळ वेब पाहताना जाणवतही नाही, गेममध्ये मात्र तेवढ्यात पाच-दहा फ्रेम जातात.

अँड्रॉइडवर लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय स्कॅनिंग’ नावाचा वेगळा खटका असतो, तो बंद करा. वायफाय बंद असतानाही जागा शोधण्यासाठी नेटवर्कं धुंडाळायला तो परवानगी देतो. विंडोज लॅपटॉपवर खेळताना टास्कबारवरची नेटवर्कची यादी उघडी ठेवू नका, लोकेशन बंद करा, आणि वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचवण्याचा पर्याय असेल तर तो काढा. टॅबलेटवर खेळताना माझ्याकडे जवळपास दर अर्ध्या मिनिटानं असंच गोठायचं. लोकेशन बंद करताच थांबलं आणि चालू करताच परत आलं. असं दोनदा चालू-बंद करून बघा. एकदाच केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, कारण वायफाय अधूनमधून आपणहूनही सुधारतं.

अॅपलच्या उपकरणांवर कारण वेगळं आहे. एअरड्रॉप आणि एअरप्लेसाठी ही उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात, त्यासाठी तोच वायफायचा रेडिओ वापरतात, आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये ४४ व १४९ ही ठरलेली चॅनेलं वापरतात. तुमचा राऊटर दुसऱ्याच चॅनेलवर असेल तर रेडिओला इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात, आणि गेम सतत बारीक बारीक अडखळतो. एअरड्रॉप आणि हँडऑफ बंद करा. तेवढ्यानं भागलं नाही तर राऊटर ४४ किंवा १४९ वर ठेवा, तुमच्या भागात जे चालत असेल ते. उडी मारायचं कारणच राहत नाही.

बेताल गचके

अंतर ठरलेलं नाही, कधी दोन मिनिटांत चार वेळा, कधी पंधरा मिनिटं काहीच नाही. हा वायफायच्या गर्दीचा नमुना. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं असतं. त्या बाकीच्यांत तुमच्या घरातले फोन आले आणि त्याच चॅनेलवर असलेले शेजाऱ्यांचे राऊटरही आले.

पहिली गोष्ट, पीसी राऊटरला केबलनं जोडा. घरात एकच केबल टाकणं शक्य असेल तर ती टीव्हीच्या टोकाला टाकण्यापेक्षा पीसीच्या टोकाला टाका. दोन्ही टोकं वायफायवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, आधी पीसीकडून राऊटरला, मग राऊटरकडून टीव्हीला, आणि तेही त्याच चॅनेलवर एकामागून एक. पीसी केबलवर आला की निम्मी गर्दी तिथेच कमी होते. पीसीवर वायफाय कार्ड चालू राहिलं असेल तर तेही बंद करा, नाहीतर केबल लावूनही गेम कधीकधी वायफायनंच जातो आणि तुम्ही चक्रावून जाता.

दुसरी गोष्ट, २.४ गिगाहर्ट्झ सोडा. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं फक्त तीन, १, ६ आणि ११, आणि त्यातच ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि यूएसबी ३ च्या वायरींतून गळणारा गोंगाट. टीव्हीच्या बॉक्सला ब्लूटूथनं कंट्रोलर जोडलेला आणि वायफायही २.४ वर, ही जोडी तर हमखास त्रास देते. कारण बऱ्याच उपकरणांत दोन्ही कामं एकच चिप करते आणि तिला आळीपाळीनं वेळ द्यावा लागतो. राऊटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगळी करा, म्हणजे टीव्ही गुपचूप २.४ वर सरकणार नाही.

५ वर आल्यानंतरही गर्दी जाणवत असेल तर चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणून पाहा. वेगाचा आकडा निम्मा होईल, पण शेजाऱ्यांशी टक्कर कमी होईल. ३० मेगाबिटच्या गेमला ती रुंदी पुरून उरते. मेश राऊटर (घरभर ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले अनेक राऊटर) असेल तर टीव्ही त्यातल्या ज्या नोडला जोडलेला आहे तो मुख्य राऊटरशी केबलनं जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर तेच पॅकेट हवेतून आणखी एक फेरी मारतं.

गर्दी आहे की नाही हे तपासायला एक जुनी, साधी पद्धत आहे. टीव्हीच्या जागेवर लॅपटॉप ठेवा, कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहा, स्पेस देऊन राऊटरचा पत्ता लिहा (बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि शेवटी डॅश टी जोडा. ओळी धावायला लागतील. चांगल्या ५ गिगाहर्ट्झवर बहुतेक आकडे २ ते ५ मिलिसेकंदांत दिसतात. मधेच ८०, १५०, ३०० असे आकडे डोकावत असतील तर गचक्याच्या वेळांशी ते जुळवून पाहा. पिंग सेकंदाला एकदाच जातो, त्यामुळे त्याच्या हाती सगळी भगदाडं लागत नाहीत. आकडे स्वच्छ दिसले म्हणून वायफाय निर्दोष ठरत नाही, वाईट दिसले आणि गचक्याच्या वेळांशी जुळले तर मात्र संशय पक्का.

एक विशेष प्रकार: गेम पूर्ण तुटतो, वायफायच नाहीसं होतं आणि मिनिटभरानं सगळं परत येतं. राऊटर ५२ ते १४४ मधल्या एखाद्या चॅनेलवर असेल तर तिथे रडारला पहिला मान असतो. रडारसारखा संकेत ऐकू आला की राऊटरला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि याच पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. तो नियमच आहे. राऊटर ३६ ते ४८ मध्ये किंवा १४९ च्या पुढे ठेवला की हा प्रश्न मिटतो.

दृश्य भरलं की गचका

शांत खोलीत सगळं सुरळीत, पण स्फोट झाला, पाऊस आला, झाडीतून धावलात की अडखळतं. इथे तीन संशयित आहेत.

पहिला, ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर घामाघूम झालेलं असतं. एन्कोडर वेगळा असला तरी चित्र पकडून त्याच्यापर्यंत नेण्याचं काम त्याच कार्डावर होतं आणि त्याला रांगेत उभं राहावं लागतं. तक्त्यातला पीसीचा वेळ अशा वेळी चढताना दिसतो. गेमची सावली, धुकं, प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणा आणि फ्रेम मर्यादा लावा, म्हणजे कार्डाला थोडी उसंत राहील. १०८०पी पाठवायचं असेल तर गेम फोर-के मध्ये चालवण्यात काहीच मिळकत नाही.

दुसरा, डीकोडर. जुन्या टॅबलेटचा किंवा स्वस्त बॉक्सचा डीकोडिंगचा वेळ १६.७ मिलिसेकंदांच्या वर गेला की फ्रेम साचत जातात. १२० फ्रेम मागत असाल तर ही मर्यादा ८.३ वर येते. एचईव्हीसी आणि एच.२६४ या चित्र दाबण्याच्या दोन्ही पद्धती लावून बघा. कोणतं जलद चालेल हे उपकरणावर ठरतं. वेळ खूपच जास्त दिसला तर डीकोडिंग हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअरनं होत आहे का ते तपासा. एव्ही१ ही तिसरी पद्धत तेव्हाच निवडा जेव्हा दोन्ही टोकांना हार्डवेअरची साथ आहे.

तिसरा संशयित मला सगळ्यात उशिरा कळला, आणि केबल लावलेल्या घरांतही तो सापडतो. फ्रेमचा डेटा संथ धारेनं जात नाही, दर १६.७ मिलिसेकंदांनी एक लोंढा सुटतो. ८० मेगाबिटला एक फ्रेम सरासरी १६७ किलोबाइटची असते, सुमारे १२० पॅकेट. तुमच्या नव्या पीसीचं लॅन पोर्ट २.५ गिगाबिटचं असेल तर तो हा लोंढा एका दमात सोडतो. वाटेतलं स्विच किंवा राऊटर तो पुढे मात्र टीव्हीच्या वेगानंच देऊ शकतं. मधला साठा भरला की उरलेली पॅकेट सरळ फेकली जातात. टीव्हींचं लॅन पोर्ट बरेचदा १०० मेगाबिटचंच असतं. २०१५ मध्ये आलेल्या आणि २०१८ मध्ये विक्रीतून गेलेल्या, पीसीचा गेम टीव्हीवर आणणाऱ्या स्टीम लिंक या डब्याचंही पोर्ट १०० चंच होतं. त्यामुळे अशा टीव्हीवर चांगलं ५ गिगाहर्ट्झ वायफाय केबलपेक्षा सरस ठरू शकतं.

उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ शोधा आणि २.५ गिगाबिटऐवजी १ गिगाबिट निवडा. वाटेत १०० मेगाबिटचं पोर्ट असेल तर बिटरेट ५० च्या आसपास ठेवून बघा. बिटरेट कमी करणं हा उपाय खरा उपयोगी पडतो तो इथे.

अर्ध्या तासानं सुरू होणारा गचका

सुरुवातीला छान, पण खेळायला लागून वीस-तीस मिनिटं झाली की त्रास, आणि बंद करून थोड्या वेळानं लावलं की पुन्हा छान. टीव्हीच्या पाठीमागे खोचलेल्या छोट्या स्ट्रीमिंग स्टिकला हात लावून बघा. ती चांगलीच तापलेली असते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तिच्यासोबतची एचडीएमआयची आखूड वायर वापरून ती टीव्हीपासून दूर, मोकळ्या हवेत लोंबू द्या. याचा आणखी एक फायदा म्हणजे टीव्हीच्या धातूच्या पाठीआड दबलेला वायफायचा अँटेनाही मोकळा होतो. पीसी तापत असेल तर तो त्याच्या मॉनिटरवरही अडखळेल, आणि पहिल्याच पायरीला ते कळलं असेल.

गचका नाही, पण बटण उशिरा लागतं

हा वेगळा आजार आहे, त्याला वरचे उपाय लागू पडत नाहीत. टीव्हीचा गेम मोड चालू करा. हालचाल गुळगुळीत करणारी सुधारणा चालू असेल तर टीव्ही फ्रेम अडवून ठेवून मधल्या फ्रेम स्वतः तयार करत बसतो आणि उशीर सहज दुप्पट-तिप्पट होतो. आवाज ब्लूटूथ हेडफोनवर उशिरा येत असेल तर तो दोष ब्लूटूथचा आहे, स्ट्रीमचा नाही.

पीसी सापडतच नाही

काल होता, आज यादीत नाही. पीसी झोपलेला नाही ना, हे आधी पाहा. मग पत्ता बदलला आहे का ते बघा. राऊटरमध्ये पीसीसाठी पत्ता राखून ठेवला की हे पुन्हा होत नाही. विंडोजनं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. टीव्ही गेस्ट नेटवर्कवर असेल तर त्याला पीसी दिसणारच नाही, आणि पीसीवर व्हीपीएन चालू असेल तर तेही आड येतं. घरात इंटरनेट कंपनीचा एक आणि तुमचा दुसरा असे दोन राऊटर एकामागे एक असतील, पीसी एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर, तर दुसऱ्याला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

जोडणी होते पण पडदा काळाच, असं असेल तर पीसीचा मॉनिटर बंद आहे का ते बघा. काही मॉनिटर बंद केले की विंडोजला स्क्रीनच उरत नाही आणि पाठवायला चित्रच नसतं. ग्राफिक्स कार्डात एचडीएमआयचा डमी प्लग लावला की पीसीला मॉनिटर असल्याचं भासतं.

शोधाशोध करताना जुन्या मार्गदर्शकांपासून जपा. त्यांतले बरेचसे एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या गेमस्ट्रीम या स्ट्रीमिंगच्या सोयीबद्दल आहेत आणि कंपनीनं ती सोय २०२३ च्या सुरुवातीला काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात सांगितलेलं बटण तुमच्या पीसीवर नसेल तर ते आता राहिलेलं नाही. त्या जागी पीसीवर सनशाइन घाला, मूनलाइट तेच ठेवा, आणि पुन्हा जोडताना पडद्यावर येणारा चार अंकी पिन सनशाइनच्या पानावर भरा.